आपण नेमके का पडतो? प्रस्तरारोहणात स्वतःचं परीक्षण कसं करावं

चिरेबंदी (फोंडा)

चवथ आटोपली की आमच्या फोंड्यातल्या चढणाऱ्या मंडळींत हंपी-बदामीच्या बाता सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग दरवर्षीचा प्रश्न येतो: "मी ६बीवर (चढाईच्या अवघडपणाची श्रेणी, म्हणजे ग्रेड) अडकलोय, पुढे सरकतच नाही. काय करू?" उत्तरही ठरलेलं. बोटं मजबूत कर, हँगबोर्ड (बोटांनी लटकण्याची पट्टी) लाव. मला हे उत्तर पटत नाही. बोटं महत्त्वाची आहेतच, पण समोरचा माणूस कशामुळे पडतोय हे न बघताच ते दिलेलं असतं. आपल्यातले बरेच जण पडवीत किंवा गच्चीवर ठोकलेल्या, पकडी लावलेल्या फळीवर दोघा-तिघांत सराव करतात, शिकवणारं कुणी रोज समोर नसतं, आणि खरा दगड हाताला लागतो तो थंडीत. म्हणजे आपलं परीक्षण आपल्यालाच करावं लागतं. म्हणून हा धागा. माझी पद्धत मांडतो, तुमची तुम्ही सांगा.

ग्रेडवर मी फार विसंबत नाही. बदामीच्या लाल वालुकाश्मावर भिंत उभी, पण आडव्या खाचा आणि धारदार कडा धरायला मिळतात. हंपीच्या ग्रॅनाइटवर पायाखाली नुसते स्फटिकांचे कण आणि हाताखाली गोल उतार. दोन्हीकडे एकच आकडा लिहिलेला असला तरी लागणारं कौशल्य वेगळं. "या वर्षी ६बी+ झाला" ही नोंद आनंदाची आहे, पण उद्या सरावाला कशाने सुरुवात करायची हे ती सांगत नाही. ते सांगतं पडणं.

तर पडल्याबरोबर, दोरावर लटकत असताना किंवा पॅडवरून (खाली अंथरलेल्या गादीवरून) उठता उठता, कारण मोठ्याने बोलायचं. "उजवा पाय सुटला." "हात उघडला." "पुढची पकड दिसलीच नाही." "भीती वाटली म्हणून टेक (दोर ताणून धर) म्हणालो." बिले देणाऱ्याने (खालून दोर सांभाळणाऱ्याने) ते लगेच फोनमध्ये टिपायचं. हे तिथल्या तिथेच व्हायला हवं. खाली येऊन, पाणी पिऊन, सावलीत बसून लिहायला घेतलं की सगळ्या पडण्यांचं कारण "ताकद कमी पडली" एवढंच उरतं. ते लिहायला बरं वाटतं आणि त्याला उपायही तयार असतो.

दुसरं म्हणजे शेवटी जे झालं तेच कारण असतं असं नाही. आमच्या गटातल्या एकाची नोंद होती "हात उघडला". व्हिडिओ पाहिला तर त्याच्या तीन मूव्ह (चाली) आधी डावा बूट पकडीवर अंगठ्याने न टेकता तळव्याच्या मध्यावर टेकला होता. त्यामुळे टाच फिरवता येईना, गुडघा आत वळेना, कंबर भिंतीपासून हातभर लांब राहिली आणि पुढच्या तिन्ही मूव्ह त्याने नुसत्या हातांनी ओढून काढल्या. हात उघडला हे खरं. पण काम करायचंय डाव्या पायावर. महिनाभर तो हँगबोर्डवर लटकला असता तरी तिथेच पडला असता.

मग पुढची चाचणी. ज्या जागी पडलो ती मूव्ह विश्रांती घेऊन, सुटी (तेवढीच एकटी), करता येते का? सुटी येते आणि खालून चढत आल्यावर येत नाही, तर प्रश्न दमाचा, किंवा खालच्या सोप्या भागात आपण शक्ती उधळतोय. सुटीही येत नसेल तर हात-पाय ठरल्या जागी ठेवून त्या स्थितीत नुसतं तीन सेकंद थांबून बघा. जोडीदाराने पाठीला थोडा आधार दिला आणि लगेच जमलं, तर ताकद थोडी कमी आहे, आणि तेव्हा खुशाल हँगबोर्ड लावा. आधार मिळूनही अंग कसं ठेवायचं हेच कळत नसेल तर ताकदीपर्यंत आपण पोहोचलेलोच नाही. आधी गुडघा आत वळवून बघा, पाय फ्लॅग करून (तोलासाठी बाजूला लांबवून) बघा, टाच अडकवून बघा. हे पर्याय संपवल्याशिवाय "ताकद" हा शब्द वहीत लिहायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे.

व्हिडिओबद्दल एकच सूचना. फोन बाजूने लावा, कमरेच्या उंचीवर. मागून घेतलेल्या चित्रणात कंबर भिंतीपासून किती लांब आहे ते कळत नाही. आणि बघताना हात बघू नका, चढणाऱ्याची नजर बघा. बहुतेक नवख्यांची नजर बूट टेकायच्या क्षणभर आधीच पायावरून उठते आणि वरच्या पकडीकडे जाते. शेवटचं दोन बोटं अंतर पाय न बघताच जातो. मग तो टेकल्यावर पुन्हा सरकवावा लागतो, कधी दोनदा. प्रत्येक सरकवण्याला वर दोन्ही हात दगडाला लटकून वाट बघत असतात. पंप, म्हणजे हात भरून येऊन निकामी होणं, इथून सुरू होतो.

---

सह्यधार (साखळी)

चिरेबंदी, चांगला धागा. मी मूळचा पुण्याचा, नोकरीनिमित्त साखळीला स्थिरावलो. आमचं शिक्षण बेसॉल्टवर, तैलबैला, ड्यूक्स नोज, त्या बाजूला. दोन गोष्टींची भर घालतो.

नोंदीत "कसं चढलो" हे असायलाच हवं. ऑनसाइट, म्हणजे मार्गाबद्दल काहीही न ऐकता-बघता पहिल्याच प्रयत्नात. फ्लॅश, म्हणजे माहिती घेऊन पण पहिल्याच प्रयत्नात. रेडपॉइंट, म्हणजे सराव करून मग सलग, न पडता, दोरावर न टेकता. या रेडपॉइंटमागे एक माणूस आहे. १९७५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकेनयुरात कुर्ट आल्बर्ट ज्या खिळ्याचा आधार न घेता चढता येईल त्यावर लाल फुली मारत असे, आणि अख्खा मार्ग तसा सलग चढून झाला की पायथ्याशी लाल ठिपका. त्या काळी खिळा धरून ओढून घेतलं तरी "चढलो" असंच म्हणत. त्याने स्वतःसाठी ती पळवाट बंद केली. आपणही वहीत "झाला" एवढंच लिहितो तेव्हा तीच पळवाट उघडी राहते.

आता या नोंदींमधली अंतरं बघा. टॉपरोपवर (दोर वरून आलेला) ६बी आरामात आणि लीडवर (दोर खालून स्वतः अडकवत नेताना) ५सीला पाय लटलटतात, तर त्यात बोटांचा काय संबंध? बोटं तीच, दगड तोच, दोर फक्त वरून आलाय. तिथे पडण्याचा सराव हवा: भिंत स्वच्छ, खाली काही आपटण्यासारखं नाही, बिले देणारा जाणता, आणि आधी क्लिप (दोर शेवटचा अडकवलेली जागा) कमरेशी असताना, मग गुडघ्याशी, मग पायाखाली. ऑनसाइट ५सी आणि रेडपॉइंट ६सी असं मोठं अंतर असेल तर मार्ग वाचता येत नाही. खालून उभं राहून विश्रांतीची जागा कुठे, कुठला हात कुठे, हे आधी बोलून दाखवायचा सराव करा आणि उतरल्यावर किती बरोबर आलं ते पडताळा. आणि ऑनसाइट-रेडपॉइंटमध्ये अंतरच नसेल, तर तुम्ही एका मार्गाला चिकटून राहत नाही, दोनदा पडलात की दुसरीकडे जाता.

दुसरी भर निर्णयांची. ती कुणी वहीत लिहीत नाही. सह्याद्रीतल्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं, दगड सैल असतो, दुपारी दोनला वाटतं अजून वेळ आहे आणि साडेपाचला रॅपलचा (खाली उतरायचा) दोर अडकतो. मी तरुणांना सांगतो, माघार घेतली तर तीही नोंदवा: कुठल्या खुणेवरून फिरलो, आणि ती खूण त्याआधी किती वेळ समोर होती. चढाई चांगली झाली म्हणजे निर्णय बरोबर होते असं नव्हे. नशीब असतं.

---

मांडवी (पणजी)

दोघांच्याही पोस्टी उत्तम. पण चिरेबंदी, एक मोठी गोष्ट राहिली. आपण गोव्यात राहतो! जुलैत पणजीची हवा नव्वद टक्क्यांच्या आसपास दमट असते. खडूची पूड म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ती हाताचा घाम शोषते, पण लाकडी पकडीवरच ओलाव्याचा थर बसलेला असताना ती काय करणार? त्या दिवसांत "हात उघडला" ही नोंद कितपत खरी मानायची? मी एका पावसाळ्यात याच नोंदी बघून हँगबोर्डचं प्रमाण वाढवणार होते. मग डिसेंबरच्या नोंदींशी ताडून बघितलं तर तेच होल्ड (पकडी) तेव्हा पक्के धरले जात होते, मधल्या काळात वेगळा काही सराव न करता.

त्यामुळे मी आता तीन गोष्टी करते. भिंतीवर साधा आर्द्रतामापक टांगलाय, प्रत्येक सत्राच्या वर त्याचा आकडा लिहिते. फळीवरचे काही प्रॉब्लेम (ठरावीक छोट्या चढाया) कायमचे ठेवलेत, त्यांचे होल्ड हलवत नाही, आणि वॉर्मअपनंतर त्याच क्रमाने, त्याच बुटांनी चढते. आणि तुलना ऋतूच्या आत करते: हा जुलै मागच्या जुलैशी, हा जानेवारी मागच्या जानेवारीशी. पावसाळ्यात मी पकडीची ताकद तपासतच नाही. तेव्हा पाय, कंबर, उताराच्या भिंतीवरचा तोल, हे तपासते. त्याला दमट हवेचा अडथळा कमी.

आणखी एक. माझी उंची पाच फूट. माझ्या वहीत "हात पोहोचला नाही" फार येतं. याच्या मुळाशी कसं जायचं? कारण ते खरंच असतं कधी कधी.

---

चिरेबंदी (फोंडा)

मांडवी, आर्द्रतेचा रकाना आजपासून आमच्याही वहीत. आणि ऋतूच्या आत तुलना हे तर सगळ्यांनीच करावं असं आहे.

उंचीचं. "पोहोचला नाही" लिहिलंस की त्याच्या शेजारी पाय कुठे होते ते लिही. बीटा (मार्ग कसा चढायचा याची माहिती) आपल्याला बहुधा उंच मुलांकडून मिळतो, आणि त्यांचा पाय खाली राहिला तरी चालतं. तुझ्यासाठी मार्ग तोच पण पाय एक पकड वर. कधी मध्ये एखादी रद्दी, नखभर पकड असते, जिच्यावर हात क्षणभर टेकवून पाय वर घेता येतो. उंच माणसाला ती दिसतसुद्धा नाही. हे सगळं करूनही नाही पोहोचलं तर ती मूव्ह तुझ्यासाठी उडीची आहे, आणि मग सराव उडीचा. पण पोहोच कमी म्हणून नोंद बंद करायची नाही.

---

काणकोणकार

आमच्याकडे काणकोणात किनाऱ्यांच्या टोकांना दगड आहेत, पाळोळे, आगोंद, त्या पट्ट्यात. जांभा नव्हे, कठीण दगड. उत्तरेकडच्या आणि सड्यांवरच्या जांभ्यावर मात्र कृपा करून जाऊ नका. तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, हातात तुटून येतो, आणि तिथे पडलात तर ते कारण वहीत लिहायला तुम्ही जागेवर नसाल.

मी एकटाच बोल्डरिंग (दोर न लावता बुटक्या दगडांवरची चढाई) करतो, तर माझी पद्धत स्पर्धांवरून घेतली आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या बोल्डर-लीडमध्ये बोल्डरच्या टॉपला २५ गुण होते, मधल्या दोन झोनना (वाटेतल्या ठरलेल्या पकडींना) ५ आणि १०, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला ०.१ वजा. मला यातली झोनची कल्पना आवडली. मी प्रत्येक प्रॉब्लेमला स्वतःच दोन झोन ठरवतो, एक क्रक्सच्या (सगळ्यात अवघड जागेच्या) आधी, एक नंतर. मग "आजही नाही झाला" याऐवजी "पहिल्या झोनला दर वेळी, दुसऱ्याला आज प्रथमच" अशी नोंद होते. दोन आठवडे झोन हलला नाही तर बीटा बदलतो. प्रयत्न मोजण्याचा फायदा असा की दमल्यावर केलेले प्रयत्न वेगळे दिसतात. ते बहुतेक निव्वळ कातडी घालवणारे असतात.

नोंदीत भरती-ओहोटीही लिहा. पाणी नुकतं उतरलेला दगड सुकल्यासारखा दिसतो, पण मिठाचा पातळ थर राहतो आणि बुटाचं रबर सरकतं. ती "पाय सुटला" ही नोंद तुमच्या पायाची नाही.

आणि धाग्याच्या विषयाबाहेर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: समुद्राजवळच्या दगडात बाजारातले साधे बोल्ट मारू नका. खाऱ्या, उष्ण हवेत साध्या स्टेनलेस स्टीललाही आतून तडे जातात आणि वरून बोल्ट चकचकीत दिसत राहतो. थायलंडच्या किनाऱ्यावर याचमुळे टायटॅनियमचे बोल्ट वापरावे लागले.

---

नवशिका_मडगाव

सगळं वाचून काढलं. देव बरें करूं सगळ्यांचं. मी या वर्षीच सुरुवात केली आहे, मित्राच्या गच्चीवरच्या फळीवर. बोटांची ताकद घरच्या घरी मोजता येते का? आणि मोजायला हवी का?

---

हातपाय (म्हापसा)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः चढतोही, म्हणून या प्रश्नाला उत्तर देतो.

मोजता येते. २० मिलिमीटर खोलीची लाकडी पट्टी दाराच्या चौकटीवर पक्की बसवायची. खाली वजनकाटा, त्यावर उभं राहायचं. एका हाताने हाफ क्रिम्पमध्ये, म्हणजे बोटांचा मधला सांधा साधारण काटकोनात ठेवून, हळूहळू जोर वाढवत खाली ओढायचं. झटका द्यायचा नाही. तुमचं वजन ६४ किलो आणि ओढताना काटा २४ वर स्थिरावला, तर त्या हाताची ओढ ४० किलो. मग दुसरा हात. दुसरी पद्धत दोन्ही हातांनी लटकण्याची: ६४ किलोचा माणूस १० किलो कमरेला बांधून १० सेकंद लटकू शकला तर ७४ भागिले ६४, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे ११६ टक्के. मला वजनकाट्याची पद्धत जास्त आवडते, कारण त्यात डाव्या-उजव्यातला फरक लगेच दिसतो आणि कधीही सोडून देता येतं.

आता हवी का? नवशिका, तुला नको. पहिलं वर्षभर पूर्ण जोर लावून मोजण्याच्या फंदात पडू नकोस. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरा आणि बोटातल्या पुली (कंडरेला हाडाशी धरून ठेवणारे पट्टे) बऱ्याच सावकाश, महिने घेतात. नेमक्या याच काळात माणसाला वाटतं की मी झपाट्याने सुधारतोय, आणि नेमक्या याच काळात तो माझ्याकडे येतो. अनामिकेच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने दुखतंय, क्रिम्प करताना टप् असा आवाज आला होता. ती ए२ पुली. असा आवाज आला तर त्या दिवशीची चढाई तिथेच थांबवा आणि दाखवून घ्या, सोनोग्राफीत ती दुखापत कळते. "बघू उद्या" नको.

ज्यांना चढून काही वर्षं झाली आहेत त्यांनी दीड-दोन महिन्यांतून एकदा मोजावं, नीट अंग तापवून, विश्रांतीच्या दिवसानंतर, शक्यतो एकाच वेळी. दर आठवड्याला मोजणं म्हणजे सराव सोडून परीक्षाच देत राहणं.

माझ्या मते बोटांबद्दलची सगळ्यात उपयोगी नोंद आकड्याची नाहीच. चढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळताना काय जाणवतं, कुठल्या बोटाला, किती वेळ, ती. ताठरपणा दर खेपेला थोडा जास्त वेळ राहायला लागला की भार कमी करायचा. दुखापतीच्या आधी हे आठवडाभर तरी दिसत असतं.

---

शेवंती (डिचोली)

माझी मुलगी तेरा वर्षांची, दोन वर्षांपासून चढते, स्पर्धांचं वेड आहे. हल्ली तीसुद्धा वहीत सगळं लिहिते, बोटांवर लटकण्याचे सेकंद, आणि आता वजनही लिहायला लागली आहे. मला हे बघून काळजी वाटते. चढण्यातलं मला काही कळत नाही. रोखावं का?

---

हातपाय (म्हापसा)

ताई, चढण्यापासून रोखू नका, पण त्या दोन नोंदी थांबवा.

या वयात बोटांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. वाढीचा तो भाग कंडरेपेक्षा कच्चा असतो, त्यामुळे मोठ्यांची पुली जिथे दुखावते तिथे मुलांचं हाड दुखावतं. बोटाच्या मधल्या सांध्याच्या वरच्या, नखाकडच्या बाजूला दुखतंय असं ती म्हणाली तर चढणं थांबवून लगेच अस्थितज्ज्ञाकडे न्या. दुर्लक्ष झालं तर बोट वाकडं वाढू शकतं. वजन बांधून लटकणं आणि कॅम्पस बोर्ड (पाय न लावता नुसत्या हातांनी चढायची फळी) तिच्यासाठी नाहीच. ती फळी वोल्फगांग ग्युलिशने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या जिममध्ये लावली ती त्याच्यासारख्या कसलेल्या, पूर्ण वाढ झालेल्या आरोहकासाठी.

वजनाचं तर अजिबात नको. हलकं झालं की ग्रेड वाढते असं मुलींच्या कानावर पडतं, आणि थोडे दिवस ते खरंही वाटतं. मग पाळी लांबते, हाडं कमजोर होतात, दुखापती भरून येत नाहीत. चढाईच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२४ मध्ये अशा ऊर्जेच्या तुटवड्याबद्दल खेळाडूंच्या तपासणीचे नियम आणले ते यासाठीच. तिच्या वहीत जेवण, झोप आणि "आज काय नवं शिकले" हे रकाने असू द्या. पाय कसा टेकतो, मार्ग वाचता येतो का, यांत तिला अजून कितीतरी सुधारता येईल, आणि त्यात धोका काहीच नाही.

---

शेवंती (डिचोली)

मनापासून आभार. आज रात्रीच बोलते तिच्याशी.

---

वाटसरू (वाळपई)

मला इथे वेगळं म्हणायचंय. मी दगडावर जातो ते ऑफिसातले तक्ते विसरायला. तुम्ही मंडळींनी तिथेही तक्ता आणून ठेवलात. पडलं की कारण बोला, झोन मोजा, हवेची आर्द्रता लिहा. असं करताना चढायचं कधी? चांगली चढाई होते तेव्हा डोक्यात काहीच नसतं, हा माझा अनुभव आहे, आणि स्वतःवर सतत नजर ठेवली की तेच हरवतं.

---

मांडवी (पणजी)

वाटसरू, यातलं अर्धं मला पूर्ण पटतं. भिंतीवर असताना मी स्वतःला तपासत नाही, तपासायचंच नाही. वर असताना फक्त श्वास आणि पुढची पकड. नोंद खाली आल्यावर, आणि तीही एका ओळीची.

पण माझा आनंद नोंदींमुळे वाढलाय. पूर्वी मी पडले की दिवसभर वाटत राहायचं की आपल्यात काहीतरी कमी आहे. आता मला माहीत असतं की उजवा पाय सुटला. पायाचं करता येतं काहीतरी.

---

सह्यधार (साखळी)

वाटसरूंच्या म्हणण्याला मान आहे. माझा तोडगा असा: सरावाच्या फळीवर वही, दगडावर नाही. हंपीला गेलो की संध्याकाळी तुंगभद्रेच्या काठी बसून आठवतील तेवढ्या ओळी लिहितो, चढताना फोन पिशवीत. दुसऱ्याच्या मार्गावर त्याचा उत्साह चढलेला असताना "तुझी कंबर लांब होती" असं तर कधीच सांगू नये. विचारलं तरच.

---

चिरेबंदी (फोंडा)

सह्यधार, पडण्याचं कारण मात्र मी दगडावरही टिपणार, कारण ते तासाभरात बदलतं. बाकी मान्य. मी स्वतः वर्षभर सलग नोंदी ठेवत नाही. हंगामाच्या आधी काही आठवडे ठेवतो, त्यातून एकच गोष्ट निवडतो, तिच्यावर काम करतो, आणि हंगामात मोकळा चढतो. एकाच वेळी पाच दोष दुरुस्त करायला गेलं की एकही होत नाही.

आणि वाटसरू, वाळपईला आलो की तुमच्यासोबत चढायला आवडेल. वही न आणता.

---

नवशिका_मडगाव

आठवडाभर सांगितल्याप्रमाणे केलं. मित्र फोनमध्ये टिपत होता. नोंदी अशा: बहुतेक वेळा "पाय सुटला", त्यातही डावा जास्त. त्याखालोखाल "पुढची पकड दिसली नाही". "हात उघडला" फक्त सत्राच्या शेवटाला, दमल्यावर. भीती एकदाही नाही, पण फळी बुटकीच आहे आणि खाली जाड गाद्या आहेत.

मी मनात धरून बसलो होतो की माझी बोटं कच्ची आहेत. हँगबोर्डची ऑर्डर देणार होतो. आता काय करू?

---

हातपाय (म्हापसा)

ऑर्डर देऊ नकोस. :)

---

चिरेबंदी (फोंडा)

नोंदी छान घेतल्यास. यावरून काम असं दिसतं.

प्रत्येक सत्राची सुरुवात तुला अगदी सोप्या वाटणाऱ्या प्रॉब्लेमनी कर, आणि त्यात एकच अट: बूट टेकताना आवाज येता कामा नये, आणि टेकल्यावर पाय हलवायचा नाही. हलवला तर खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून. बूट पकडीला लागून अंगठ्यावर भार येईपर्यंत नजर पायावरून उठवायची नाही. हे फार कंटाळवाणं आहे आणि याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला माहीत नाही. दमायच्या आधी कर. दमलेल्या पायांना चुकीचंच वळण लागतं.

"पकड दिसली नाही" यासाठी सुरू करण्याआधी खाली उभं राहून हातांचा क्रम बोलून दाखव, मित्राला ऐकू जाईल असा. फळीवर सगळे होल्ड समोर असतात, त्यामुळे हे लवकर जमेल.

डाव्या पायाचं मला कोडं वाटतं. बूट दोन्ही सारखेच घट्ट आहेत का? डाव्याच्या अंगठ्याखालचं रबर झिजलंय का ते बघ. तसं काही नसेल तर बाजूने एक व्हिडिओ घे, फोन डावीकडे ठेवून, आणि इथे टाक.

---

नवशिका_मडगाव

बूट मित्राच्या भावाचे, जुने आहेत. आत्ता बघितले. डाव्याच्या टोकाला रबर इतकं पातळ झालंय की आतलं कापड दिसतंय.

---

काणकोणकार

मग आधी त्याला नवं रबर लावून घे, बूट चांगले असतील तर फेकायची गरज नाही. बदलेपर्यंतच्या डाव्या पायाच्या नोंदी खोडून टाक आणि नव्या रबरावर पुन्हा आठवडाभर टीप. आणि रविवारी काणकोणला येणार असशील तर आदल्या दिवशी मला निरोप टाक, ओहोटीची वेळ बघून कळवतो. माझे जुने बूट आहेत, मापाला बसले तर तोवर घेऊन जा.